दारातला नळ आणि माझा उजवा हात

आमच्या दारात येणारा सार्वजनिक नळ मी स्वतः हात वर करून घालवला.

नव्वदच्या दशकात पंचायतीत बायकांना राखीव जागा आल्या आणि बारामती तालुक्यातल्या आमच्या गावात माझी बायको मंगल सदस्य म्हणून निवडून आली. मी गावच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचो. त्यामुळे निवडून जरी ती आली असली, तरी कारभार मी बघायचा, असा माझा अगदी प्रामाणिक समज होता. (पुस्तकात घरातल्या लोकशाहीवर धडा नव्हता, हो!)

तेवढ्यात गावाला एक नवा नळ मंजूर झाला. एकच. तो कुठं बसवायचा हे ग्रामसभेत ठरणार होतं. मी दारापुढं सिमेंटचा ओटा बांधूनसुद्धा टाकला!

"अहो, ठरावाआधीच ओटा?" मंगल म्हणाली.

"मग? सदस्याच्या दारात नळ नको?"

"आपली विहीर शंभर पावलांवर हाय. वस्तीवरच्या बायका ओढ्यापलीकडनं पाणी आणत्यात."

"त्यांचं पुढच्या वर्षी बघू. तू फक्त मी लिहून दिलेलं वाचायचं."

ती गप्प बसली. मंगलचं माहेर इंदापूरकडचं. ती गप्प बसली म्हणजे तिला पटलं असं समजू नये, हे मला लग्नाला दहा वर्षं होऊनही उमगलं नव्हतं.

ग्रामसभेच्या दिवशी चावडीपुढं सतरंज्या जास्त आणि माणसं कमी! निम्मे पुरुष मोटारसायकली काढून एमआयडीसीत कामाला गेलेले. सरपंच आबा घड्याळ बघत म्हणाले, "गुरुजी, कोरम भरंना. तहकूब करू का?"

तहकूब? आणि माझा ओटा? मी लुना बाहेर काढली. आधी आमच्या आळीतली पंधरा-वीस माणसं उठवली आणि मग थेट बौद्धवस्तीवर गेलो. तिथल्या कौसाबाई म्हणजे वस्तीचा आवाज. त्यांना मी ग्रामसभेचं महत्त्व, नागरिकांचे हक्क, सगळं उभ्या उभ्या शिकवलं.

कौसाबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "गुरुजी, हक्काचं आमाला नका सांगू. आमी त्येच ऐकत मोठ्या झालो. आज नळाचा इषय हाय न्हवं?"

"आहे, पण त्यात डोकं घालू नका. मी हात वर केला की तुम्हीही करायचा. बास!"

"व्हय, करतो की," कौसाबाई म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या की माझ्याजागी दुसरा कुणी असता तर सावध झाला असता. मी मात्र आळीतल्यांनाही हाच मंत्र देऊन ठेवला होता.

अर्ध्या तासात चाळीस बायका सतरंजीवर. कोरम भरला! मी मिशीला पीळ देत पुढच्या रांगेत बसलो. मंगल उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला, माझ्या कागदाची नीट घडी घातली आणि ती कमरेला खोचली!

"नवा नळ बौद्धवस्तीवर बसवावा, असा मी ठराव मांडते."

हरकत घ्यायला हवी होती, ताबडतोब! पण हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही, ही शिस्त मीच शाळेत लावलेली. सवयीनं माझा उजवा हात ताडकन वर गेला.

मागं बांगड्यांचा आवाज झाला. वळून बघतो तर चाळीस बायकांचे हात वर! आणि त्यांच्यामागं आमच्या आळीतले सगळे हातही वर!

"आबा, मला बोलायचं होतं!"

"आता काय बोलायचं ऱ्हायलंय, गुरुजी? दारात ओटा बांधलेला माणूस वस्तीसाठी हात वर करतोय! मोठं मन हाय तुमचं!"

मी खुलासा करायला तोंड उघडलं. तेवढ्यात कौसाबाईंवर नजर गेली. त्या हसत होत्या आणि त्याच वेळी पदरानं डोळे पुसत होत्या. त्यांच्या डोक्यावरच्या हंड्यांचा मी आजवर कधी विचारच केला नव्हता. मला स्वतःची खरोखर लाज वाटली. उघडलेलं तोंड मी मिटून घेतलं.

ग्रामसेवकांनी वही उघडली. "सूचक, सौ. मंगलताई. अनुमोदक, पहिला हात वर करणारे आपले गुरुजी. ताई, त्यांचं नाव सांगा."

मंगल घुटमळली. चारचौघांत नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं?

"नाव घ्या की वैनी!" कौसाबाई ओरडल्या. "उखाण्यात घ्या!"

लग्नानंतर माझं नाव घ्यायला दर वेळी तासभर आढेवेढे घेणारी माझी बायको भर ग्रामसभेत म्हणाली,

"वस्तीवरच्या नळाखाली घागर भरेल काठोकाठ,
दिगंबररावांनी राखली माझ्या ठरावाची पाठ!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. ग्रामसेवकांनी 'एकमताने मंजूर' असं लिहिलं आणि वही माझ्यापुढं सरकवली. त्या ठरावाच्या विरोधात असलेला अख्ख्या गावातला एकमेव माणूस मी होतो, आणि अनुमोदक म्हणून वहीत सही आहे तीही माझीच!