कडूबा आणि न मरणाऱ्याचं पुस्तक

कडूबाच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून आईनं ह्याचं नाव कडूबा ठेवलं. मरणानं तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावं असं. थुंकलं की विसरलं कोण जाणे, पण कडूबाची साठी उलटली, आणि पिंपळगाव रेणुकाईत त्याच्या बरोबरीची माणसं एकेक करून कमी होऊ लागली, तेव्हा त्याला आपल्या नावाचाच संशय येऊ लागला. औषध जरा जास्तच लागू पडलं की काय, असा.

शेत थोडं, त्यात मिरची. पण गावात त्याची ओळख मिरचीची नव्हती, पोथीची होती. श्रावणात रेणुकाईच्या देवळात दिवेलागणीला पोथी लागते. पोथीला दोन माणसं लागतात. एक वाचणारा, एक अर्थ सांगणारा. वाचणारा ओवी सुरात म्हणतो आणि थांबतो. दुसरा ती ओवी गावच्या बोलीत सोडवून सांगतो. बिभीषण वाचायचा, कडूबा सांगायचा. बिभीषणाचा गळा गोड होता आणि अर्थाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. कडूबाची शाळा चौथीत सुटलेली, पोथीचं अक्षर त्याला जड जायचं. पण एकदा कानावर पडलं की तो त्यातून वाट काढायचाच. दोघं मिळून एक शहाणा माणूस होत होता.

बिभीषणाला बापानं चिरंजीवाचं नाव दिलं होतं. तो दिवाळीनंतर बांधावर बसल्या बसल्या गेला. हातातली विडीसुद्धा विझली नव्हती.

आषाढ संपत आला तसा देवळाचा कारभार बघणारा काकासाहेब घरी आला. चहा संपवून म्हणाला, "कडूबा, पप्पू वाचायला तयार हाय. तू फक्त बस."

"मी न्हाई बसत."

"का पण?"

"पप्पू वाचतो का पळतो? बस सुटल्यावानी वाचतो तो."

"पोरगं हाय. शिकंल."

"शिकू दे. मी न्हाई बसत."

काकासाहेबानं कप खाली ठेवला. "मंग मोबाइलवरची लावू. भोंग्याला जोडली की झालं. पण अर्थ कोण सांगंल? म्हाताऱ्या माणसायनं नुसतं ऐकून घरी जायचं का?"

कडूबा वर बघत नव्हता. खरं कारण पप्पूचं वाचणं नव्हतंच. दुसऱ्या कुणाच्या आवाजाला अर्थ सांगायचा म्हणजे बिभीषण गेल्याचं गावासमोर कबूल करायचं, आणि ते त्याच्यानं होत नव्हतं.

"अमावस्येपर्यंत सांग," म्हणून काकासाहेब उठला.

त्याच आठवड्यात मोनिकाचं पार्सल आलं. मोनिका म्हणजे कडूबाची सून, जालन्याची. संपत, म्हणजे कडूबाचा पोरगा, तिकडंच लोखंडाच्या कारखान्यात होता आणि रविवारी गावी यायचा. मोनिका इथं इंग्रजी शाळेत शिकवायची. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. सासरा-सुनेत बोलणं म्हणाल तर "मामा, चहा" आणि "ठेव बाई." त्यापुढं दोघंही कधी गेले नव्हते.

पार्सल तिच्या भावानं, प्रेमनं पाठवलं होतं. आत एक जाडसर पुस्तक, जपानी गोष्टीचं, असं मोनिकानं उषाबाईला सांगितलं. मोनिका चुलीपुढं दूध तापवायला बसली आणि पुस्तक उघडलं. दूध उतू गेलं, चूल विझली, तरी तिला पत्ता नाही. उषाबाई, म्हणजे तिची सासू, ओरडली तेव्हा तिनं मान वर केली. डोळे ओले होते आणि ती हसत होती. कडूबानं ओट्यावरून ते पाहिलं. घरात कधी मोठ्यानं न बोललेली पोरगी एका पुस्तकापायी एकाच वेळी हसते आणि रडते. असं त्यात आहे तरी काय?

दुसऱ्या दिवशी मोनिका शाळेत गेली, उषाबाई मिरची तोडायला गेली. कडूबानं हात धुतले. पाट मांडला, त्यावर पुस्तक ठेवलं, आणि सगळी पुस्तकं उघडतात तसं उघडलं.

अक्षरं थोडी, आणि तीही इंग्रजी. बाकी सगळी चित्रं, काळी-पांढरी. कडूबाला वाटलं, बरं झालं. वाचणारा नसला तरी चालेल असंच हे पुस्तक आहे.

पहिल्याच पानावर एक लांब केसांचा तरणा माणूस एका थडग्यापाशी पाठ करून बसला होता. पुढच्या पानांवर त्याच्यामागं तलवार घेतलेली एक पोरगी तणतणत होती. थोड्या पानांनी ती पोरगी दिसेनाशी झाली. मग माणसं जमली, थडग्याची माती उकरली. मग एक म्हातारा अंथरुणावर निपचित पडलेला. पान उलटलं, तर म्हाताऱ्यानं डोळे उघडले! पुढं तो बसला, मग चालू लागला, आणि शेवटी शेवटी ते दोघं नदीकाठी दारू पीत खदाखदा हसत होते.

कडूबानं पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं आणि डोळे उघडणारा तो म्हातारा परत बघून घेतला. त्यानं तेवढ्यावरच अर्थ लावला. आजवर त्यानं वाचणाऱ्याशिवाय कधी अर्थ लावला नव्हता, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी मिरची बाजारात, गाड्या भरायची वाट बघत माणसं पोत्यांवर टेकली होती. कडूबानं सुरुवात केली. "जपान्यायची एक पोथी हाय. त्याच्यात एक दोस्त थडग्यापाशी बसून ऱ्हातो. उठतच न्हाई. खायना, बोलना. असा बसला, असा बसला, की मातीला दया आली. मेलेला दोस्त परत उठला."

कुणी हसलं नाही. कडूबा सांगायला लागला की लोक ऐकायचेच. एका पोत्यावरून पप्पू म्हणाला, "काका, मंग दोस्त उठल्यावर त्याला आपण मेल्तो हे ठाऊक असतं का?"

"ते फुडच्या अध्यायात हाय," कडूबानं दडपून सांगितलं.

जेवताना त्यानं तीच गोष्ट उषाबाईला सांगितली. मोनिका भाकरी थापत होती. माती उकरल्याचं आलं तसा तिचा हात थांबला. तिनं पदर तोंडाला लावला. खांदे हलू लागले.

"काय झालं गं?" उषाबाई म्हणाली.

"काही न्हाई, आई." मग धीर करून म्हणाली, "मामा, ते पुस्तक उजवीकडून उघडायचं असतं. जपानी लोकायचं तसंच असतं. तुम्ही शेवटापासून वाचलं."

उषाबाईला हसू आवरेना. "घ्या! गावाला अर्थ सांगणारे! मेलेल्याला उठवून बसले!"

कडूबा हसला नाही. हातातला घास तसाच धरून म्हणाला, "म्हंजे तो उठला न्हाई."

"न्हाई मामा."

"तो मरून राह्यल्ता, आन् मी त्याला उठवला."

आता उषाबाईचंही हसू थांबलं. मोनिकाचा चेहरा पडला, आपण हे सांगायलाच नको होतं असा. कडूबानं घास ताटात ठेवला, हात धुतले, आणि पाट ओढून घेतला. "आण ते पुस्तक. तू वाच. बराबर वाच, पहिल्यापासून."

मोनिका पाटाच्या त्या बाजूला बसली. डोक्यावरचा पदर दोनदा सावरला, मग सोडूनच दिला. ती इंग्रजी मनात वाचायची आणि मराठीत सांगायची. लांब केसांच्या माणसाला मरण नव्हतं. घाव बसला की भरून यायचा. दोस्ताला मात्र मरण होतं, आणि दोघांनी मिळून मोठी लढाई जिंकली होती.

"ती लढाई कुठं हाय?"

"ती आधीच्या पुस्तकांत होती, मामा. ती गोष्ट संपली. ही त्याच्या पुढची, दुसरी. हे तिचं पहिलं पुस्तक."

"संपल्ती ना? मंग परत कशाला काढली?"

मोनिकानं विचार केला. "जिंकून घरी गेले, एवढंच होतं तिकडं. घरी गेल्यावर त्यायचं काय झालं, हे कुणी सांगितलं नव्हतं."

कडूबानं मान हलवली. प्रश्न रास्त होता. इतकी वर्षं पोथ्या सोडवल्या. फळ मिळालं, विमान आलं, अध्याय संपला. विमान गेल्यावर मागं राहिलेल्यांनी त्या दिवशी जेवायला काय केलं, हे त्यालाही कधी सुचलं नव्हतं.

दोस्त म्हातारा होत गेला. न मरणारा त्याच्याकडं टक लावून बघायचा. दोस्त चिडायचा.

"काय म्हणतो तो?"

"म्हणतो, असा काय बघतोस? मी काय झाडावरचं सीताफळ हाय का, कधी पिकतंय बघायला?"

"असं हाय त्याच्यात? सीताफळ?"

"दुसरं फळ हाय," मोनिका हसली. "तुम्हाला कळावं म्हणून."

"मंग तूही अर्थच सांगून राह्यली की!"

दोस्त मेला ती पानं तिनं हळू उलटली. त्यांवर अक्षर नव्हतं. सकाळचीच चित्रं होती. सकाळी हेच डोळे उघडताना त्यानं दोनदा पाहिले होते, आता ते मिटले. बाहेर उषाबाईनं भांडी घासणं थांबवलं होतं.

मग थडगं. मग ती पोरगी आली. तलवार शिकवा म्हणून मागं लागली. न मरणारा तिच्याकडं वळला नाही. तिनं शिव्या दिल्या, खडे मारले. शेवटच्या पानावर नुसती त्याची पाठ.

"मंग?"

"एवढंच."

"पोथी अशी सोडत्यात का? माणूस उठला का न्हाई?"

"पुढचं पुस्तक यायचंय, मामा. इकडं यायला वेळ लागंल."

"तुला काय वाटतं? उठंल?"

"तुम्हीच सांगा. अर्थ तर तुम्ही सांगता."

कडूबानं शेवटचं पान दिव्याकडं धरलं. मग मागचं एक पान बघितलं, मग आणखी मागचं. बराच वेळ बघून म्हणाला, "उठंल."

"कशावरून?"

"ही पोरगी बघ. तलवार धरली कशी तिनं? उलथणं धरल्यावानी. लढाया केलेल्या माणसाला हे बघवंल का? एक दिवस, दोन दिवस कळ काढंल. मंग उठंल आन् तिचा हात धरून म्हणंल, अशी न्हाई, अशी."

मोनिकानं पुस्तक आपल्याकडं ओढलं. हे चित्र तिनं कितीदा पाहिलं होतं, पण पोरीच्या मुठीकडं तिचं लक्ष गेलं नव्हतं.

अमावस्येच्या आदल्या दिवशी कडूबानं पप्पूला घरी बोलावलं. पप्पूला वाटलं, शिव्या खायला बोलावलंय. कडूबानं त्याला हात धुवायला लावले, लाल फडकं सोडलं आणि पोथी पुढं ठेवली. "वाच."

पप्पू सुटला. कडूबानं त्याच्या मनगटावर हात ठेवला. "कुणी मागं लागलंय का तुझ्या? ओवी संपली की दम घे. मला काय घरी धाडायचंय का?"

पप्पूनं दम घेतला. अध्याय एका गरिबाघरचा होता. देव भुकेल्याचं रूप घेऊन दारी येतो. बाई त्याला ओळखते, तिच्या नवऱ्याला मात्र तो भिकारीच वाटतो. नवरा हाकलायला निघतो आणि बाई घरातला शेवटचा दाणा रांधते. ओवी म्हणून पप्पू थांबला, आणि कडूबा नेहमीचा अर्थ सांगायला पुढं झुकला.

"काका," पप्पू मध्येच म्हणाला, "तिनं ओळखलं ना? मंग नवऱ्याला का न्हाई सांगितलं?"

बिभीषणानं असं कधी विचारलं नव्हतं. तो पुढची ओवी घ्यायचा. कडूबाच्या ओठांवर जुना अर्थ आला होता, दर श्रावणात सांगितलेला, आणि तो ह्या प्रश्नाला पुरत नव्हता.

"ती कशाला सांगंल?" आतून उषाबाईचा आवाज आला. "सांगितलं असतं तर त्यानं भाकरी वाढली असती का? पाया पडत बसला असता."

दाराशी मोनिका येऊन उभी होती. "किंवा तिला त्याची परीक्षा बघायची आसंल."

"देवाची का नवऱ्याची?" पप्पू म्हणाला.

तिघंही कडूबाकडं बघू लागले. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं.

"मला न्हाई ठाऊक," तो म्हणाला. "आजवर कुणी विचारलंच न्हाई." आणि पोथी जरा आपल्याकडं ओढून, ते जड अक्षर स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं म्हणून तो पप्पूच्या खांद्याला खांदा लावून वाकला. "फुडं वाच. बघू ती काय करती."