नविन नावाचा शेतकरी

मी गडचिरोलीकडचा. नववीत शाळा सुटली, प्रोग्रामिंग मोबाइलवर बघून शिकलो. तरी इकडं लांब, सिन्नरजवळच्या शहरात, इंदिरानगरातल्या एका छोट्या ऑफिसात सरांनी ‘महिनाभर बघू’ म्हणून ठेवून घेतलं, हे उपकारच. त्या महिन्याचा तो शेवटचा दिवस. सिन्नरचे एक द्राक्षवाले पाहुणे त्यांची शेतकरी-नोंदणीची वेबसाइट बघायला येणार होते. त्यांच्या हट्टापायी पानांचे ब्राउझरात टाकायचे पत्तेसुद्धा मराठीत. त्यातलं ‘नवीन शेतकरी’ हे बटण माझं.

दाबून बघितलं. कोरा फॉर्म यायचा, तर आलं, ‘नविन नावाचा शेतकरी सापडला नाही.’

आमची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, पत्त्याचे तिरप्या रेघेपाशी तुकडे करते आणि एकेक शब्द वरून खाली नियमांशी ताडते. पहिला नियम: शेतकरी, पुढं ‘नवीन’, तर फॉर्म उघड. दुसरा: शेतकरी, पुढं कुठलाही शब्द, तर त्या नावाचा माणूस शोध. माझ्या बटणाच्या पत्त्यातला शब्द पहिला नियम सोडून दुसऱ्यात का पडत होता?

शेजारी बसणारे दादा सिन्नरचेच. त्यांना हाक मारली.

“नियम बरोबर हाय. वाच बरं मोठ्यानं.”

वाचलं. दोन्हीकडे नवीन.

“तोंडानं सारखंच येणार रे. मशीनला कान नाय!”

त्यांनी दोन्ही शब्द एकाखाली एक ठेवून अक्षरं मोठी केली. नियमात दुसरी वेलांटी. माझ्या बटणात पहिली.

तेवढ्यात खाली गाडीचं दार वाजलं. “आले!” सर आतून ओरडले. मी वेलांटी बदलली.

“नियमातपण दोन्ही टाक,” दादा म्हणाले. “आमच्याकडं निम्मं गाव पहिलीच काढतंय.”

टाकलं.

पाहुण्यांनी बटण दाबलंच नाही. मोबाइल काढून म्हणाले, “आमचा माणूस पत्ता हातानं टाकंल, तसं बघतो.” मी त्यांच्या खांद्यामागून बघत होतो. न. व. पहिली वेलांटी.

फॉर्म उघडला.

“लय भारी,” ते म्हणाले. दादा चहात बिस्कीट बुडवत बसले होते, जसं काही झालंच नाही.

पाहुणे गेल्यावर सर मला म्हणाले, “उद्या जरा लवकर ये रे.”

उद्या! दादांना काही म्हणायला गेलो, तर आधी डोळेच पुसावे लागले.

“रडतो काय बे?” ते माझ्याच बोलीत म्हणाले.