आकडामामा

आमच्या प्रयोगशाळेत वीज तारेतून यायची, पण ती चालू करायची परवानगी मामांकडून घ्यावी लागायची. जोडणी झाली की मामा बटणावर तळहात ठेवून उभे राहायचे आणि विचारायचे, "आकडा?" म्हणजे उपकरणावरची पाटी वाचून किती करंट येणार, ते आधी तोंडानं सांगायचं. मगच हात निघायचा. पोरांनी त्यांचं नाव आकडामामा ठेवलं होतं. नवख्याला वाटावं, हा माणूस मटका घेतो.

मामा सातवी पास. शिवाजी पेठेतून सायकलवर यायचे आणि कॉलेजात परिचर म्हणून तीस वर्षं काढलेली. मीटरवर दोनशे तीस व्होल्ट आणि दोन अँपिअर दिसले की पोरांनी मोबाइल काढायच्या आत मामा म्हणायचे, "भागलं की एकशे पंधरा ओहम, गुणलं की चारशे साठ वॉट. लिवा." मी एम.ई. मलाही कॅल्क्युलेटर लागायचा, पण तो टेबलाखाली धरायची अक्कल मला होती.

रुजू झाल्यावर पंधरा दिवसांतच मी माझं ज्ञान पाजळलं. शंभर वॉटचा बल्ब घेतला, न पेटवताच मल्टिमीटरनं त्याचा रोध मोजला. चाळीस ओहम आला. त्यावरून फळ्यावर पॉवर काढली, ती आली तेराशे वॉट. मी वर्गाला ठणकावून सांगितलं, की कंपन्या अशी फसवणूक करतात. मामा मागून म्हणाले, "सर, तेराशेचा असता तर मैदानात फुटबॉलला लावला असता की! थंड बल्ब आन् पेटलेला बल्ब एक न्हवं. तापला की रोध वाढतोय. पेटवून मोजा." पेटवून मोजला. शंभरच आले. पोरं आठवडाभर मला बघून हसत होती. मी मात्र धडा घेण्याऐवजी मामांवर डूख धरला.

तो वर्षभरानं निघाला. बाहेरून तपासणी समिती यायची होती. हीटरचे व्होल्ट आणि अँपिअर मोजून त्यांच्यापुढे रोध आणि पॉवर काढून दाखवायची होती. सकाळी एकट्यानं येऊन मी जोडणी केली. समिती समोर बसल्यावर मामा सवयीनं बटणापाशी आले आणि म्हणाले, "सर, आकडा?" पाच पाहुण्यांदेखत परिचरानं माझी परीक्षा घ्यावी? मी म्हणालो, "मामा, तुम्ही चहाचं बघा." मामांनी एकदा जोडणीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. काही बोलायला तोंड उघडलं, तोवर मी बटण दाबलं.

करंट मोजायचा ॲमीटर हीटरच्या रांगेत जोडायचा असतो. मी तो थेट लाइनवर आडवा जोडला होता. त्याचा स्वतःचा रोध जवळजवळ शून्य. दोनशे तीसला शून्याच्या जवळपासच्या आकड्यानं भागलं की काय येतं, हे मी दरवर्षी शिकवतो. फाडकन आवाज झाला, धूर निघाला आणि अख्खी प्रयोगशाळा अंधारली. समितीतल्या एका बाईंच्या साडीवर पाणी सांडलं. प्राचार्य ओरडले, "जोडणी कुणी केली?" मी तोंड उघडायच्या आधी मामा म्हणाले, "म्या केलती, सायेब."

आणि मी गप्प बसलो. इथे कितीही विनोद केला तरी ते वाक्य हलकं होत नाही. मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो. बाहेर व्हरांड्यात मामा म्हणाले, "तुमचं कायम व्हायचं हाय. माझं तीन म्हैनं ऱ्हायल्यात. सोडा." मी सोडलं. मामांच्या सेवापुस्तकात 'निष्काळजीपणा' असा शेरा पडला. निवृत्तांसाठीच्या 'गुणवंत कर्मचारी' फलकाच्या यादीतून त्यांचं नाव निघालं. मामी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या, कारण म्हाताऱ्याला आता दिसत नाही, असं त्यांना वाटलं. डोळे ठणठणीत निघाले. त्यानंतर त्या रडल्या, असं मामांनीच मला सहज सांगितलं.

निरोप समारंभात भाषण माझ्याकडे होतं. कागदावर 'सचोटी' हा शब्द चार वेळा लिहिला होता. पहिल्याच वेळी तो मला वाचवेना. मी कागद खिशात घातला आणि म्हणालो, "तो मीटर मी जाळला. जोडणी माझी होती." मामा व्यासपीठावरूनच भडकले, "तीन म्हैनं म्या निभावलं, तुमाला तीन मिंटं निघंनात व्हय!" पण पहिल्या रांगेतून मामी उठल्या आणि माइक नसताना शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं, "मी म्हनत हुते! ह्यांच्या हातनं असलं व्हायचंच न्हाई!"

शेरा निघाला, नाव फलकावर लागलं. माझं कायम होणं एक वर्ष लांबलं. ते वर्षभर मामा माझ्याशी बोलले नाहीत, फुकट गेलेल्या उपकाराचा राग म्हणून. मग आपणच एक दिवस नृसिंहवाडीची बासुंदी घेऊन घरी आले.

गेल्या वर्षी मामा गेले. मी भेटायला गेलो तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं. मी दारात अवघडून उभा होतो. मामींनी मला पाहिलं, डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ह्येच त्ये सर. मीटर ह्यांनी जाळलाता, आमच्या ह्यांनी न्हाई."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "हो. मीच."