पायरीवरचं तेल

दुसऱ्यांच्या पापण्या उघडण्यात उल्काचा दिवस जातो. स्वतःच्या पापण्या मात्र दुपारी सव्वादोनला तिला आवरत नाहीत. डबा अर्धा खाऊन झालाय. लेन्सच्या खोलीतला पंखा कुरकुरतोय, टेबलावर ईश्वरीचा केसपेपर उघडा आहे, आणि बाहेर बाकावर ईश्वरीची आई सुवर्णा आणि आजी जतच्या चारच्या एसटीसाठी वेळ काढत बसल्यात. पाचच मिनिटं, असं म्हणून उल्का केसपेपरवर हात ठेवते आणि हातावर डोकं.

डोकं टेकतं, मन टेकत नाही. ईश्वरी साडेतीन महिन्यांची. जन्मतःच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तो काढला, त्याबरोबर डोळ्यातलं भिंगही गेलं, म्हणून आता बाहेरून इवलीशी लेन्स बसवायची. ती राहिली तर पोरीला आईचा चेहरा दिसेल. नाही राहिली तर तिचा मेंदू बघायचं शिकणारच नाही. हे शिकायचे दिवस थोडे असतात आणि ते कुणासाठी थांबत नाहीत. इथे मिरजेत बसवलेली लेन्स घरी गेली की घसरते. उल्काने माप बदललं, घट्ट केलं, आणखी घट्ट केलं. आज सकाळी तर तिच्या देखत तीनदा निसटली. तेव्हा सुवर्णा म्हणाली, "मॅडम, पोरीला लई तरास हुतोय. आता मोठी झाल्यावरच बघू."

"मोठी झाल्यावर काय बघणार?" कुणीतरी विचारतं.

समोरच्या खुर्चीत हमीदाआपा बसल्यात. पांढरा ॲप्रन, मांडीवर बाळ गुंडाळायचा जुना टॉवेल. आपा वारल्या, त्यांचा चाळिसावाही गेल्या शुक्रवारी झाला, उल्का स्वतः तिथे जेवून आलीय, तरी तिला नवल वाटत नाही. वाटते ती लाज.

"आपा, मला जमत नाही."

"जेवलीस का?"

"अर्धं."

"मग अर्धंच जमणार."

आपा अशाच. तीस वर्षं त्यांनी याच खोलीत तान्ह्या बाळांना लेन्स बसवल्या आणि एकदाही घाई केली नाही. रडून लाल झालेलं पोर त्या आईकडे देत, पाजायला सांगत. ते पिऊ लागलं, अंग सैल पडलं की वरची पापणी उचलून लेन्स आत सरकवत, खालची पापणी तिच्यावर आणत, आणि मोकळ्या होत. दूध बाळाच्या तोंडातून सुटत नसे. ते बघायला मोठे डॉक्टर दारात उभे राहायचे, आणि आपा त्यांना चपला बाहेर काढायला लावायच्या. लेन्सला त्या पाहुणा म्हणत. पाहुण्याला ओढून आत घेत नाहीत गं, दार उघडायचं, पायरी पुसून ठेवायची, तो आपल्या पायांनी येतो. उल्काने हे शंभरदा ऐकलंय. दार तिला कळलं होतं. पायरी म्हणजे आपांचा बोलण्यातला मीठमसाला, असं ती समजून चालली होती.

"चल," आपा म्हणतात.

खोलीचं दार सतारवाल्यांच्या गल्लीत उघडतं. फळीवर भोपळे वाळत ठेवलेत, अजून त्यांच्या सतारी व्हायच्यात. आपा एका भोपळ्यावरून अंगठा फिरवतात.

"कारागीर आधी हात फिरवतो, मग माप घेतो. तू?"

"मी आधी माप घेते. चारदा घेतलंय, आपा. बरोबर आहे."

"बरोबर आहे, मग त्याला कशाला छळतेस?"

भोपळा ऊन ऊन लागतो. तो भोपळा नाही, पाण्याचा हंडा आहे. गल्लीची न्हाणी झालीय. ईश्वरीची आजी पाय पसरून पाटावर बसलीय आणि न्हाऊन गुलाबी झालेली ईश्वरी तिच्या पायांवर उताणी. आजी वाटीतलं तेल तळव्यावर घेते आणि टाळू भरते, थोपटत, काहीतरी गुणगुणत, आपल्या सगळ्या लेकरांची भरली तशी. तेल टाळूवरून कपाळावर येतं, कपाळावरून भुवईत. त्या हातांत इतकी माया आहे की उल्काला तिथून हलावंसं वाटत नाही.

"काय दिसतंय?" आपा विचारतात.

"बाळ."

"आणि सकाळी काय दिसलं होतं?"

उल्का हातातल्या केसपेपरकडे बघते. सकाळी तिला दोन डोळे दिसले होते आणि त्यांचं माप.

आपा बाळाच्या भुवईवरून अंगठा फिरवतात. "ही पायरी," म्हणतात, आणि तो ओला अंगठा उल्काच्या हातातल्या केसपेपरवर टेकवतात.

"आपा, तुमच्याकडून किती शिकायचं राहिलं. विचारायचं राहिलं."

"माझंही एक विचारायचं राहिलंय. ते तू विचार."

"कुणाला?"

पंखा कुरकुरतोय. तीनला दहा कमी आहेत. उल्काच्या गालावर घड्याळाच्या पट्ट्याचा वळ उठलाय, आणि केसपेपरच्या कडेला अंगठ्याएवढा तेलाचा डाग आहे.

ती वास घेते. खोबरेल. डब्यात तर दहीभात होता. सकाळी आजीने हा कागद हातात धरला होता, हे तिला आठवतं, आणि स्वतःची समजूत घालायला तेवढं पुरतं. पण डागापुरता कागद पारदर्शक झालाय आणि खालच्या पानावरची अक्षरं त्यातून वर आलीत. पहिल्या भेटीचं पान. समासात आपांचं बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर. मापं बघायला उल्काने ते पान दहा वेळा उलटलं होतं. समासाकडे कोण बघतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"आजी. टाळू. पुढच्या वेळी विचारणे."

पुढच्या वेळी आपा नव्हत्या. उल्काला रडू येतं, ती येऊ देते. मग तोंड धुते, कपाटातून आपांचा टॉवेल काढते आणि बाहेर जाते. सुवर्णा पिशवीला गाठ मारतेय. उल्का आजीच्या शेजारी बाकावर बसते.

"आजी, पोरीची टाळू कधी भरता?"

"रोज सकाळी, न्हाऊ घातल्यावर. आज बी भरूनच आणलीया. लेकराला कोरड्या टाळूनं भाईर काढत्यात व्हय?" मग म्हातारीचा हात बाळाच्या डोक्यावरच थांबतो. "का वं बाई? माझ्या हातनं काय वंगाळ झालं का?"

"नाही आजी. चुकलं माझं, मी विचारलं नाही. तेल भुवईतून डोळ्यात उतरतं आणि लेन्स घसरते. पाहुणा येत होता, पायरी निसरडी होती, एवढंच. आजपासून टाळूला तेल नको. तुम्हीच पुसा तिची भुवई, तुमच्या हाताला ती रडत नाही."

सुवर्णा पिशवीची गाठ सोडते. आजी साबणाने हात धुऊन येते, दोनदा, आणि टॉवेलचं ओलं टोक कपाळावरून, भुवयांवरून, पापण्यांच्या कडेने फिरवते. उल्का पहिल्या मापाचीच लेन्स स्वच्छ धुते आणि या वेळी माप घेत नाही. सुवर्णा पदराखाली बाळाला घेते. उल्का थांबते. पोरीचं अंग सैल पडेपर्यंत थांबते, आणि मग वरची पापणी अलगद उचलते.

दूध ईश्वरीच्या तोंडातून सुटत नाही.