धोंडिरामच्या शाली

आज सकाळी फज्रची नमाज झाल्यावर मी एका मेलेल्या माणसाच्या शाली गच्चीवर वाळत घातल्या.

अख्खी दोरी भरली. चकचकीत, जरीच्या काठाच्या, दोन मिनिटांत सुकणाऱ्या.

धोंडिराम म्हणायचा, "खान्या, ही शाल मेंढरानं बघितली तर रडंल रे. लोकरीचा एक केस नाय हिच्यात."

त्याला कळायचं. त्याचा बाप मेंढरं वळायचा, आजा घोंगड्या विणायचा.

धोंडिराम जाऊन आज वर्ष झालं.

आमचं कॉलेज खुलताबाद रोडला. पत्र्याच्या चार खोल्या आणि भलंमोठं ग्राउंड. शहरातली पोरं आम्हाला "पत्रा कॉलेज" म्हणायची.

पण त्या एका वर्षी पत्र्यानं सगळ्यांना पाणी पाजलं. कबड्डीत फायनल. एका मुलीला भालाफेकीत गोल्ड. आणि विद्यापीठाच्या क्रॉस कंट्रीत सांघिक विजेतेपद.

त्या संघात आम्ही सहा जण होतो. धोंडिराम सगळ्यात पुढं, मी सगळ्यात मागं.

क्रॉस कंट्रीत सहाही जणांचे नंबर जोडतात. एक जरी वाटेत बसला तर संघ बाद.

मी बसलो.

शेवटच्या चढाला पोटात असा गोळा आला की बांधावर बसकण मारली. धोंडिराम तेव्हा पहिला होता, चांगला लांब. वळणावर त्यानं मागं बघितलं.

मेंढरं वळणाऱ्याची खोड. पुढं चालला तरी मागचं मोजत असतो.

तो परत आला.

"ऊठ खान्या. शेवटचं मेंढरू आल्याबिगर वाडा बंद होत नसतो."

"मेंढरू म्हणतो व्हय मला?"

"मेंढरू पळतं तरी. तू तर बसलाय."

हसता हसता उठलो. तो माझ्या बाजूनं, माझ्या चालीनं पळत राहिला. ऊन असं की मोठमोठ्या कॉलेजांचा पण कुणी ना कुणी वाटेत बसलाच, सहाच्या सहा कुणाचेच पोचले नाहीत. आमचे पोचले.

कप आमचा.

पण विद्यापीठाच्या टीममध्ये पुढचे नंबर घेतात. धोंडिरामचा नंबर माझ्या शेजारी. टीम गेली, सर्टिफिकेट गेलं, पोलीस भरतीतला खेळाडूंचा कोटा गेला.

सत्काराच्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांनी त्याला शाल घातली आणि माईकवर म्हणाले, "हा पोरगा आता संस्थेचा. याला मी ग्राउंडवर नोकरीला घेतो."

टाळ्या मी पण वाजवल्या.

मग दरवर्षी स्पोर्ट्स डेला मशाल पेटवायला धोंडिरामला बोलावणं. वाळूजच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता, खाडा टाकून जायचा. नोकरीचं विचारलं की, "बघू, पद मंजूर होऊ दे."

आणि शाल. आणि नारळ. आणि फोटो.

पद मंजूर झालं नाही. कॉलेजला तीन मजले झाले. ग्राउंडच्या अर्ध्या भागात लॉन आहे, लग्नाला भाड्यानं देतात. क्रॉस कंट्रीच्या कपाचा फोटो मात्र आजही ॲडमिशनच्या जाहिरातीत असतो.

धोंडिराम वाळूजला कॉन्ट्रॅक्टवरच राहिला. मागच्या वर्षी आजच्या दिवशी कंपनीच्या बसची वाट बघत रांगेत उभा होता. खाली बसला.

बस आली. लोक चढले. कुणाला वाटलं झोपला असेल.

मागं वळून बघणारा त्या रांगेत तो एकटाच होता, आणि तोच बसला होता.

मातीला अध्यक्ष स्वतः आले. मयताच्या अंगावर शाल पांघरली. फोटो झाला. गाडी गेल्यावर वहिनींनी ती शाल काढली आणि त्याची जुनी काळी घोंगडी घातली. तसाच नेला त्याला.

आठवड्यानं वहिनींनी माझ्याकडं गठुडं दिलं. "भाऊजी, ह्या घेऊन जा. घरात बघितल्या की वाटतं, ह्या माणसाचं लई भलं झालं."

काय करायचं ते त्याच दिवशी ठरलं होतं. पण माझी मुलगी त्याच कॉलेजात तासिकेवर शिकवते. पुढच्या वर्षी तास द्यायचे की नाही, अध्यक्षांच्या हातात. गठुडं वर्षभर माळ्यावर राहिलं. रोज दुवा मागताना ते नजरेसमोर यायचं.

परवा कॉलेजातून फोन आला. "यंदा मशाल तुम्ही पेटवा खानसाहेब. धोंडिरामजींच्या स्मरणार्थ. सत्कारही ठेवलाय."

धोंडिराम*जी*.

काल रात्री जेवताना मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "अब्बा, इत्ता क्या सोचते? दे को आव." उठली आणि शाली भिजत घातल्या.

आज दुपारी गठुडं मोटारसायकलला बांधून कॉलेजात गेलो. अध्यक्ष आता थकलेत, पण खुर्ची तीच. टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"धोंडिरामच्या शाली. तुमच्या तुम्हाला."

"अरे, सत्कार कुणी परत करतं का?"

"पद मंजूर झालं का साहेब?"

शेजारी बसलेले प्राचार्य खिडकीबाहेर बघायला लागले.

मग अध्यक्ष हळूच म्हणाले, "तुमची मुलगी आपल्याकडंच आहे ना?"

"हो. तिनंच धुतल्यात."

आणि निघालो. मशाल ज्याला पेटवायची त्यानं पेटवावी.

उद्या तिला तास मिळतील का, माहीत नाही. अल्लाह बघणारा आहे.

धोंड्या, तुझ्या देवानं तुला चांगल्या माळावर ठेवलं असेल. मागं बघायची खोड तिथं तरी सोड.

शाली देऊन आलो रे.

आता तुझ्या अंगावर फक्त तुझी घोंगडी.