दुर्बिणीचा टाक

शैलजाला सवत होती, आणि ती आकाशात राहत होती. चंदीगढच्या मराठी मंडळात हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मिळेल त्या हळदीकुंकवात शैलजाच ते सांगायची. "तुम्हाला सवत असलीच तर जमिनीवर असेल, झिंज्या तरी धरता येतील. माझी बघा, डोक्यावरून फिरते!"

ही सवत म्हणजे पृथ्वीभोवती घिरट्या घालणारी एक दुर्बीण. शैलजाचा नवरा हेरंब इथल्या एका संस्थेत तिनं पाठवलेली माहिती तपासायचा. ज्या आठवड्यात त्यांची लेक नेत्रा जन्मली त्याच आठवड्यात ही दुर्बीण उडाली. बाप दवाखान्यात नव्हता, तो तिला उडताना बघायला गेला होता. नेत्रा आता कॉलेजात जाते, पण शैलजा ते विसरलेली नाही. तुम्ही विसरला असतात?

तशी शैलजा रिकामी बसून जळणारी बाई नव्हे. कोपरगावची, बारावी शिकलेली, जीभ तिखट. चंदीगढशेजारच्या खरड गावात फ्लॅटच्या इमारती उठायला लागल्या, तेव्हा विटा वाहणाऱ्या बायांची तान्ही पोरं वाळूच्या ढिगावर झोपलेली तिनं बघितली आणि ठेकेदाराची गचांडी धरून एक खोली मिळवली. तेच तिचं पाळणाघर. त्याआधीचं एक बंद पडलं होतं. अनुदान आटलं, पाळणे भंगारात गेले.

"ही दुर्बीण बंद केली की मी तुझाच," असं हेरंब वर्षानुवर्षं सांगत आलेला. "शनिवार-रविवार खरडला येईन, पोरांना शिकवीन." पण म्हातारी मरेल तर ना! तोल सांभाळणारी एक फिरकी गेली, मग दुसरी गेली, तरी हेरंब आणि मंडळी काहीतरी जुगाड करून तिला सरळ उभी करायची. शैलजाला एकदा न्यूमोनिया झाला होता तेव्हा हेरंबनं तिची इतकी उस्तवार केली नव्हती.

अखेर या हिवाळ्यात वरून हुकूम आला. खर्च परवडत नाही, बंद करा.

निरोप समारंभाला शैलजा मुद्दाम जरीची पैठणी नेसून गेली. सवतीच्या तेराव्याला नटून जायचं नाही तर कधी! सभागृहात धुक्यातून आलेली माणसं स्वेटर उतरवत होती, गाजराच्या हलव्याचा वास सुटला होता. पडद्यावर दुर्बीण चालवणाऱ्या दक्षिणेतल्या केंद्रातली माणसं दिसत होती. तिथून शेवटची आज्ञा गेली. तिच्या संदेशांचा आलेख थरथरला आणि सपाट झाला. सगळे उभे राहिले. हेरंबनं चष्मा काढून डोळे पुसले.

शैलजा बसूनच राहिली.

हेरंबचे साहेब दिगंबरराव तिच्यासाठी हलव्याची वाटी घेऊन आले. "वहिनी, फार वाईट वाटतंय ना?"

"वाईट? मला एक सांगा, हिला वर पाठवायला किती कोटी गेले?"

"अहो, जगाच्या मानानं फार स्वस्तात केली आपण."

"स्वस्तात! माझ्या पोरांच्या खिचडीला मागितले तर म्हणे तरतूद नाही."

दिगंबरराव चिडले नाहीत. "तरतूद हिलाही नाही, वहिनी. अजून दोन-तीन वर्षं दिसत होतं तिला. पण रोज जमिनीवरून सांभाळणारी माणसं लागतात, त्यांचा पैसा नव्या दुर्बिणीकडे वळवला. म्हणून मारली."

म्हणजे हिचंही अनुदान आटलं होतं. क्षणभर शैलजाला सवतीचा कळवळा आला. पण क्षणभरच. माझे पाळणे भंगारात गेले तेव्हा कोण उभं राहिलं होतं? कुणी चष्मा काढला होता?

"आणि नव्या दुर्बिणीची जबाबदारी आपला हेरंबच घेणार, बरं का," दिगंबरराव म्हणाले. "उद्यापर्यंत कळवतो म्हणालाय."

शैलजानं वाटी खाली ठेवली. एक मेली नाही तोवर दुसरी!

घरी आल्यावर ती "अहो" म्हणू लागली. एरवी ती त्याला हेरंब म्हणायची, "अहो" फक्त राग टाळूला गेल्यावर. "अहो, जेवायला वाढलंय. अहो, मीठ तिथेच आहे."

"पप्पा, आप गए," नेत्रा पुटपुटली. "आई, मशीन थी यार वो."

"तू गप. तुझ्या बारशाला तरी होता का हा?"

हेरंबनं खिशातून डबी काढली. समारंभात प्रत्येकाला दुर्बिणीची छोटी चांदीची प्रतिकृती दिली होती. त्यानं आधीच मागून घेऊन सेक्टरातल्या सोनाराकडून तिला कडी लावून घेतली होती. गळ्यात घालायला, काळ्या दोऱ्यात. "तुझ्यासाठी. इतकी वर्षं तू सोसलंस, म्हटलं—"

शैलजानं डबीकडे बघितलं. कोपरगावात तिची थोरली काकू असाच चांदीचा तुकडा गळ्यात घालायची. काकू दुसरेपणावर दिलेली. पहिली मेली की तिचा टाक दुसरीच्या गळ्यात बांधतात. सणाला आधी टाकाला नैवेद्य, मग आपण जेवायचं. वारल्यावरही पहिली ती पहिलीच.

"अहो, हा सवतीचा टाक आहे! स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात सवत बांधताय?"

हेरंबचा चेहरा पडला. पुण्यात वाढलेला माणूस, त्याच्या गावी नव्हतं हे. "मला खरंच माहीत नव्हतं गं. दे, परत करतो."

"थांबा." शैलजानं टाक मुठीत धरला. "घालीन मी. काकूनं घातला, मीही घालीन. पण टाक घालणारी शेवटची असते. तिच्यानंतर तिसरी येत नाही. नवी दुर्बीण घरात आणायची असेल तर हा परत घ्या आणि मला कोपरगावचं तिकीट काढून द्या."

नेत्रानं भाकरी मोडता मोडता हात थांबवला.

हेरंबनं डबीचं झाकण लावलं. मग फोन घेऊन बाल्कनीत गेला. काचेच्या दारातून शैलजाला त्याची पाठ दिसत होती, शब्द ऐकू येत नव्हते. आत आला तेव्हा नाक थंडीनं लाल झालेलं. "नाही म्हणून सांगितलं दिगंबररावांना. नव्या मुलांना करू दे."

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय."

खोटं बोलला असता तर तिनं भांडं फेकलं असतं. तिनं टाक गळ्यात घातला. "हेरंब, भाकरी गार होतेय," ती म्हणाली.

पहिल्याच शनिवारी तो खरडला आला. पाळणाघराच्या दारातच छोट्या रज्जोनं शैलजाच्या गळ्यातला टाक ओढला. "आंटी, ये कौन है?"

"हमारी सौतन."

हेरंब हसला आणि फरशीवर मांडी घालून बसला. पाण्याचा हंडा म्हणजे पृथ्वी, रज्जोची चप्पल म्हणजे दुर्बीण. चप्पल हंड्याभोवती फिरली, एकीकडे कलंडली, मोठ्या मुश्किलीनं सरळ झाली. पोरं खिदळली. रांगणारीसुद्धा सरकत सरकत त्याच्याकडे गेली.

"केळी आणलीत, या रे!" शैलजानं हाक मारली. एकही मान वळली नाही. "चलो, केला खा लो!"

"आंटी, रुको ना!" रज्जो हेरंबच्या मांडीवर चढत म्हणाली. एरवी शैलजाच्या मांडीवरची जागा ती कुणाला देत नसे.

शैलजा केळ्यांचा घड घेऊन उभी राहिली. इतकी वर्षं हा माणूस इथे यावा म्हणून ती भांडली होती, आणि आज तिच्या पोरांनी तिच्याकडे पाठ केली होती. ही पोरं तिची होती. एकटीची. तिनं मुठीत टाक आवळला. सोमवारी दिगंबररावांना फोन करावा, असं तिच्या मनात आलं. एखादी लहानशी दुर्बीण असेल त्यांच्याकडे, फक्त शनिवार-रविवारपुरती.