खळवाले तात्या

आमच्या तात्यांचे हात कोरडे असे मला फारसे आठवतच नाहीत. चिंचोक्यांच्या खळीनं ते मनगटापर्यंत माखलेले असायचे. लग्नाच्या मांडवातसुद्धा हा माणूस बोटं फाकवून बसायचा. पोखर्णीच्या आसपास सगळे त्यांना खळवाले तात्या म्हणत आणि त्यांनाही ते आवडे.

माझे हे सख्खे चुलते आधी पक्के जुगारी होते. निजामाचं राज्य होतं. पोलीस ठाण्यातल्या अमीनसाहेबांचा शिपाई दरडावून गेला, की तो वळणाआड होईपर्यंतच यांचा डाव थांबायचा. एका पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी काकूच्या माहेरून आलेला बैल पत्त्यांत घालवला. दुसऱ्या दिवशी काकू ताट घेऊन दारात आली, तर ओवाळायला एकच बैल. "जोडीबिगर मी ओवाळीत न्हाई," म्हणाली, ताट खाली ठेवलं आणि मानवतला माहेरी निघून गेली.

तात्यांना घर खायला उठलं. देवळाजवळ एक म्हातारा नरसिंहाच्या सोंगाचे मुखवटे करायचा, त्याच्याकडे ते नुसते जाऊन बसत. त्यानं एकदा कागदाचा लगदा कुटायला दिला. लगद्यात खळ आणि मेथीचं पीठ. एक थर वाळला की वर दुसरा. तात्या त्यात रमले, आणि रमता रमता त्यांना एक युक्ती सापडली. पत्त्यांतला जोडीदार बोलवायला आला रे आला, की ते दोन्ही हात खळीत बुडवत. "हात भरलेत, गड्या. तुजे पत्ते चिकटतेन." दुसऱ्याच्या पत्त्यांची एवढी काळजी कुणी घेतली नसेल!

तरी एका जत्रेत हात धुऊन जेवायला म्हणून गेले, ते थेट डावावरच बसले. खांद्यावरचं उपरणं घालवून परत आले. मी रागानं बोलेना, तर म्हणाले, "हात वाळले की लय खाजतेत बघ, पोरी." तेव्हा मला त्यांची फार दया आली. त्यानंतर जिथं जातील तिथं खळीचा गडू बरोबर असे.

पहिला मुखवटा पुरा झाला तेव्हा तो घेऊन ते मानवतला गेले. मीही सोबत होते. काकूनं मुखवट्याकडे पाहिलंसुद्धा नाही, त्यांचे हात तेवढे उलटसुलट करून पाहिले. "हे असेच ऱ्हाऊ द्यायचे," म्हणाली आणि गाठोडं बांधायला लागली.

पुढं म्हातारपणी तात्या अंथरुणाला खिळले. एक जुना जोडीदार भेटायला आला आणि मन रमावं म्हणून उशाशी पत्ते ठेवून गेला. तात्यांची बोटं तिकडे सरकायला लागली. काकूनं खळीची वाटी आणली आणि त्यांचे हात धरून तीत बुडवले. दोघंही हसले.

त्याच आठवड्यात तात्या गेले. शेवटची आंघोळ घालताना कुणीतरी त्यांची बोटं घासायला लागलं, तशी काकू पुढं झाली.

"असू द्या ती खळ," ती म्हणाली. "वाटंत कुनी डाव मांडून बसलं असलं म्हंजी?"